जास्त चावी दिल्याने घड्याळ बंद पडत नाही : जुन्या एचएमटीच्या खरेदीत झालेली फसवणूक

“मॅडम, तुम्ही जास्त चावी दिलीत, म्हणून बंद पडलं.” जुनं चावीचं घड्याळ हौसेने घेतलं आणि ते थोड्याच दिवसांत बंद पडलं, की विकणाऱ्याकडून हमखास हे वाक्य ऐकायला मिळतं. मलाही तेच ऐकवलं गेलं. वाक्य खोटं आहे आणि घड्याळांचा धंदा करणाऱ्याला ते खोटं असल्याचं चांगलं ठाऊक असतं. माझ्या बाबतीत पुढची सगळी लुबाडणूक याच वाक्याच्या आधारावर झाली, म्हणून आधी त्याचाच निकाल लावते.

चावीच्या घड्याळात एका चपट्या डबीत पोलादी स्प्रिंग गुंडाळलेली असते. तिचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला अडकवलेलं असतं, आतलं टोक मधल्या दांड्याला. आपण चावी फिरवतो तेव्हा स्प्रिंग त्या दांड्याभोवती आवळत जाते. पूर्ण आवळली की आणखी आवळायला जागाच उरत नाही. चावी बोटांना घट्ट लागते आणि थांबते. आपणही तिथेच थांबायचं. ऑटोमॅटिक घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीवरून घसरतं, त्यामुळे असा थांबा लागत नाही. चावीच्या घड्याळात तो असतो आणि असायलाच हवा. पूर्ण चावी भरल्यावर घड्याळ उत्तम चालावं अशीच त्याची रचना केलेली असते. भरलेल्या चावीने बंद पडणारं घड्याळ आधीपासूनच आजारी असतं.

थांबा लागल्यावरही कुणी जोर लावून पिळत राहिलं, तर स्प्रिंग किंवा तिची आकडी तुटू शकते, चाकाचे दाते झडू शकतात. पण तसं झालं की चावी नुसतीच फिरत राहते, कुठेच घट्ट लागत नाही. माझ्या घड्याळाची चावी व्यवस्थित घट्ट लागत होती. याचा अर्थ स्प्रिंग शाबूत होती, तिच्यात जोर भरलेला होता, आणि तरीही बॅलन्स, म्हणजे घड्याळाचा ठेका धरणारं हेलकावतं चाक, हलत नव्हता. जोर वाटेत कुठेतरी अडत होता. एवढं तपासायला घड्याळ उघडावंही लागत नाही. तुम्हाला कुणी ‘जास्त चावी’चं कारण सांगितलं, तर चावी घट्ट लागते की मोकळी फिरते ते आधी पाहा आणि त्याचा व्हिडिओ करून ठेवा.

घड्याळ होतं एचएमटी पायलट. काळी डायल, चावीचं, १७ ज्वेल्स, म्हणजे चाकांचे दांडे ज्यांत फिरतात ती बारीक माणिकं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू केला आणि पुढची दोन-तीन दशकं या देशातल्या मनगटांवर प्रामुख्याने तीच घड्याळं दिसत होती. नोकरी लागली म्हणून, लग्नात आहेर म्हणून, निवृत्तीच्या वेळी भेट म्हणून. घड्याळांची ही कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि तेव्हापासून जनता, पायलट, जवान, सोना या नावांना पुन्हा मागणी आली. लोकांना वडिलांच्या हातावर पाहिलेलं घड्याळ हवं असतं. ती माया मला अगदी समजते आणि तिचा असा बाजार मांडला जातो याचा मला फार राग येतो.

ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं : ‘न वापरलेला जुना स्टॉक, शंभर टक्के ओरिजिनल, नुकतंच सर्व्हिसिंग केलेलं.’ फोटो सुंदर होते. किंमत वापरलेल्या पायलटच्या नेहमीच्या भावाच्या जवळपास तिप्पट होती आणि तिचं समर्थन ‘न वापरलेला’ या एकाच शब्दावर होतं. मी मागच्या झाकणाच्या आतला फोटो मागितला. उत्तर आलं, “मॅडम, सील उघडलं की किंमत पडते.” अशा घड्याळाला कसलंही सील नसतं. झाकण उघडायला ठरलेलं हत्यार असतं, ते प्रत्येक घड्याळजीकडे असतं, आणि उघडून नीट बंद केलेल्या झाकणाने घड्याळाची किंमत पैशानेही कमी होत नाही. उलट, जाणकार माणूस आतल्या यंत्राचा फोटो पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. बदली मिळण्याची हमी त्याने मेसेजमध्ये लिहून दिली तेव्हा मी पैसे पाठवले.

घड्याळ आलं, चालू लागलं. पहिले काही दिवस वेळ चांगली दाखवत होतं. नंतर पुढे जायला लागलं, आधी थोडं, मग दिवसाला कित्येक मिनिटं. आणि एका सकाळी पूर्ण चावी देऊनही हललं नाही.

पुढे जाण्याची ही खूण लक्षात ठेवा. बॅलन्सच्या चाकावर केसासारखी बारीक स्प्रिंग असते, तिचे वेढे एकमेकांना चिकटले की ती जणू आखूड होते, चाक भराभर हेलकावे घेतं आणि घड्याळ पुढे पळतं. वेढे दोन कारणांनी चिकटतात : एक म्हणजे चुंबकत्व, मोबाइलचा स्पीकर किंवा पर्सचं चुंबकाचं बटण यांच्याजवळ घड्याळ राहिलं तर. ते निरुपद्रवी आहे, घड्याळजी क्षणात उतरवून देतो. दुसरं कारण म्हणजे तेल. तिथे तेल कधीच लागायला नको.

मी ओळखीच्या वयस्कर घड्याळजींकडे गेले. काकांनी झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ताई, हे धुतलेलं नाही. वरून तेल सोडलंय.” खरं सर्व्हिसिंग म्हणजे यंत्र पूर्ण सुटं करायचं, प्रत्येक भाग धुवायचा, मग माणिकांच्या खाचांत सुईच्या टोकाएवढं तेल ठेवायचं. इथे माणिकांभोवती जुन्या वाळलेल्या तेलाची काळी कडी तशीच होती आणि तिच्यावर नवं पातळ तेल ओतलेलं होतं. अशा तेलाने जुनी घाण सैल होते, घड्याळ काही दिवस टुणटुणीत चालतं, मग तीच घाण पसरते आणि चाकं जाम होतात. विकणाऱ्याला तेवढेच काही दिवस हवे असतात.

झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार हत्याराने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. घड्याळ दुरुस्त केलं की आपली खूण आणि तारीख तिथे कोरून ठेवण्याची अनेक घड्याळजींची जुनी पद्धत आहे. वेगवेगळ्या हातांच्या अशा खुणा ज्या झाकणावर आहेत, ते घड्याळ न वापरलेला स्टॉक कसं असेल? स्क्रूंच्या खाचाही चुकीच्या पेचकसाने फाटलेल्या होत्या.

डायलचं तर विचारू नका. भिंगाखाली मिनिटांच्या रेघा कमीजास्त जाडीच्या, अक्षरांची पोटं रंगाने भरलेली, कडेला रंगाचा ओघळ. आकड्यांवरचा चमकणारा रंग अंधारात हिरवागार उजळत होता, आणि इतक्या वर्षांच्या डायलवर तसं होणंच संशयास्पद आहे. (जुन्या स्विस घड्याळांत सहाच्या आकड्याखाली इंग्रजी ‘टी’ असेल, तर चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं असं घड्याळ रात्री झगमगत असेल तर तो रंग नवा आहे.) डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते यंत्रातल्या भोकांत बसतात. माझ्या डायलचे पाय कापून ती डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेली होती. ती मुळात दुसऱ्याच घड्याळाची असणार.

एक मात्र काका ठामपणे म्हणाले : “मशीन चांगलं आहे. बॅलन्स, माणिकं सगळं शाबूत. नीट धुतलं की वर्षानुवर्षं चालेल.” त्यांनी यंत्राचे फोटो काढायला सांगितले, जवळून, सगळ्या बाजूंनी. पुलावर, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, एक तिरका ओरखडा होता, तोही फोटोत आला. त्या फोटोंचं महत्त्व पुढे कळलं.

विकणाऱ्याला फोन केला तर तेच जास्त चावीचं पालुपद. मी स्प्रिंगचा मुद्दा मांडल्यावर त्याने सूर बदलला. “दुसऱ्याकडून उघडलंत ना? मग हमी संपली. तरी माणुसकी म्हणून पाठवून द्या, मजुरी घेणार नाही, फक्त सामानाचे पैसे द्या.” बदलीची लेखी हमी त्यानेच दिलेली होती, ती दाखवल्यावर म्हणाला, आधी दुरुस्त करून बघू, नाही झालं तर बदली. घड्याळ पाठवलं. ‘नवी स्प्रिंग टाकली’ म्हणून त्याने पैसे घेतले आणि घड्याळ परत आलं.

परत आलेल्या घड्याळाची टिकटिक अशक्त होती. काकांनी उघडलं आणि मी फोटो शेजारी धरले. तिरका ओरखडा नव्हता. चावीच्या चाकावर गंज होता, जो आधी नव्हता. एका माणकाला तडा गेलेला होता. झाकण तेच, डायल तीच, आतलं मशीन दुसरं. चांगलं यंत्र काढून घेऊन त्याने झिजलेलं यंत्र बसवलं होतं, वर माझ्याकडूनच त्याचे पैसेही घेतले होते.

विक्रीतल्या फसवणुकीपेक्षा हा दुसरा डाव मला जास्त घातक वाटतो. कारखाना बंद झाल्यावर नवे सुटे भाग येणं थांबलं. प्रत्येक शाबूत यंत्र आता मौल्यवान आहे, आणि ते मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे गिऱ्हाइकाला त्याचंच घड्याळ ‘दुरुस्तीला’ पाठवायला लावणं. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. जास्त चावीचं वाक्य त्यासाठीच असतं : दोष आपल्यावर आला की आपण ओशाळतो आणि मुकाट्याने घड्याळ त्याच्या हवाली करतो. वडिलांचं, आजोबांचं घड्याळ अनोळखी ठिकाणी दुरुस्तीला देणाऱ्यांना तर माझी कळकळीची विनंती आहे. देण्याआधी समोर झाकण उघडून घ्या, यंत्रावर कोरलेलं नाव आणि आकडा, ओरखडे, झाकणाच्या आतल्या खुणा, सगळ्याचे फोटो काढा आणि पावतीवर ‘फोटो काढून दिलं’ असं लिहून घ्या. प्रामाणिक घड्याळजीला याचा अपमान वाटत नाही. काका तर स्वतःहून सांगतात.

घेताना यंत्राचा फोटो मिळत नसेल तर व्यवहार सोडून द्या. चालू घड्याळाचा व्हिडिओ मागा, झाकण उघडून, बॅलन्स हलताना. आल्यावर आपल्या घड्याळजीकडून उघडून तपासू आणि त्यामुळे हमी जाणार नाही, हे पैसे देण्याआधी मेसेजवर कबूल करून घ्या. घड्याळजीकडे ठोके मोजण्याचं यंत्र असेल तर त्यावर लावायला सांगा. निरोगी घड्याळाचा बॅलन्स पूर्ण चावीवर, आडवं ठेवलेलं असताना, साधारण २७० ते ३०० अंश झुलतो. दोनशेच्याही खाली असेल तर ते आजच्या दिवशी कितीही अचूक वेळ दाखवो, आत काम निघणार आहे. नुसती वेळ बरोबर दिसावी म्हणून बॅलन्सजवळची एक बारीक तरफ सरकवली की भागतं.

आणि चावीबद्दल, कारण या सगळ्या प्रकारानंतर लोक चावी द्यायलाच घाबरतात. रोज एकदा, शक्यतो सकाळी, ठरलेल्या वेळी द्या. घड्याळ मनगटावरून काढून द्या, कारण हातावर असताना चावी तिरकी ओढली जाते आणि तिचा दांडा झिजतो. सावकाश फिरवा, घट्ट लागली की थांबा. पूर्ण भरलेलं असं घड्याळ साधारणपणे दीड दिवस चालतं, त्यामुळे चोवीस तासांनी चावी दिली की ते नेहमी भरल्या स्प्रिंगवर राहतं आणि वेळही चांगली राखतं. थांब्याच्या भीतीने अर्धीच चावी देण्याची गरज नाही.

विकणाऱ्याने शेवटी माझा नंबर ब्लॉक केला. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यावर त्याने अर्धे पैसे देण्याची तयारी दाखवली, तीही घड्याळ आधी पाठवल्यास. घड्याळ पुन्हा त्याच्या हातात जाणार नाही, हे मी कळवलं. धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही गावचा असो. माझे कागद तयार आहेत : जाहिरातीचे फोटो, हमीचा मेसेज, पैसे दिल्याची नोंद, कुरिअरच्या पावत्या, यंत्राचे आधीचे आणि नंतरचे फोटो, काकांनी सहीनिशी लिहून दिलेलं टिपण. अशा वाटेने जायचं असेल तर निकाल लागेपर्यंत घड्याळ दुरुस्त करून घेऊ नका, ज्या अवस्थेत परत आलं त्याच अवस्थेत ठेवा, आणि तक्रारीत यंत्रावरचा आकडा लिहायला विसरू नका.