प्लँटेड टँकसाठी माती: थेट भरावी की मुरवून?

प्लँटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पतींचा माशांचा टँक, लावायचा ठरला, तळाला बागेतलीच माती घालायची हेही ठरलं, की पुढचा प्रश्न उभा राहतो. माती चाळून सरळ पसरायची आणि वर वाळूचा थर द्यायचा, की आधी काही आठवडे भिजवत-वाळवत मुरवायची? मी दोन्ही प्रकारचे टँक चालवले आहेत. दोन्हींत झाडं वाढतात, मासे सुखाने राहतात. तरी कोणी विचारलं तर मी मुरवलेल्या मातीच्या बाजूने थोडा झुकतो, आणि त्याचं कारण झाडांच्या वाढीत नाही.

तयार अ‍ॅक्वासॉइल मी इथे धरलेलं नाही. भाजलेल्या मातीचे ते दाणे पाण्याचा पीएच आणि केएच (कार्बोनेटमुळे येणारा जडपणा) खाली ओढतात. मऊ, आम्लधर्मी पाण्यातली कोळंबी पाळायची असेल तर तेच घ्यावं, त्यात वाद नाही.

आधी थेट भरलेल्या मातीबद्दल, कारण तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. एका संध्याकाळीत काम उरकतं. शिवाय मातीतला न कुजलेला पालापाचोळा वाळूखाली कुजायला लागतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो. सिलिंडर न लावणाऱ्याला सुरुवातीचे काही महिने ही आयती मदत असते. माझ्या डोळ्यांना तरी थेट मातीतल्या वॅलिस्नेरियाने आधी फुटवे सोडलेले दिसले. हे मोजमाप नव्हे, पण फरक जाणवण्याइतका होता.

याच कुजण्यातून अमोनियाही सुटतो. पहिल्या दिवसापासून टँक झाडांनी गच्च भरला असेल तर बराचसा अमोनिया झाडंच खातात. पण तुमच्या पाण्याचा पीएच किती आहे, यावर धोका ठरतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल तर तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे जास्त पीएचचं जड पाणी वापरणाऱ्याने अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासे सोडूच नयेत.

इथवर सगळं सांभाळून घेता येतं. मला जे सांभाळता आलं नाही ते म्हणजे मातीतून वर येणारा कचरा. कितीही चाळली तरी बागेच्या मातीत केसासारखी बारीक मुळं, सालीचे तुकडे, कधी पर्लाइटचे पांढरे कण राहतातच. वाळूखाली वायू साठतो, एखादा बुडबुडा वाट काढत वर येतो आणि येताना चिमूटभर तपकिरी गाळ घेऊन येतो. बुडबुडा पृष्ठभागावर फुटतो, गाळ सावकाश खाली उतरतो आणि नेमका तळाशी पसरलेल्या बारीक पानांवर बसतो. तिथून तो सायफनने ओढायला जावं तर वाळूही उचलली जाते; तसाच ठेवावा तर त्या पानांवर शेवाळ धरतं. मुळांचे तुकडे फिल्टरच्या तोंडाशी अडकतात ते वेगळंच. रोज सकाळी काचेसमोर बसलं की आधी हेच दिसायचं, आणि हे आठवडाभरात थांबत नाही, महिनोन्‌महिने चालतं.

मुरवलेल्या मातीत हे जवळपास संपतं. कृती सोपी आहे, वेळखाऊ आहे. माती घमेल्यात घेऊन भरपूर पाण्यात ढवळायची. जे तरंगेल ते सगळं काढून टाकायचं. मग पाणी आटू द्यायचं, माती उन्हात पातळ पसरून पूर्ण वाळवायची, ढेकळं फोडायची, पुन्हा भिजवायची. असे चार-पाच फेरे साधारण पुरतात. वाळलेल्या मातीला पुन्हा पाणी मिळालं की जिवाणूंची हालचाल एकदम उसळते, एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये यावर लिहिलं, म्हणून मृदाशास्त्रात याला बर्च परिणाम म्हणतात. प्रत्येक फेऱ्यात कुजण्याचं काम थोडं थोडं टँकच्या बाहेरच उरकतं. सुरुवातीला येणारा उग्र वास जाऊन ओल्या मातीचा साधा वास राहिला, की माती तयार झाली असं मी समजतो.

एक गोष्ट मात्र जपा. बरेच जण प्रत्येक फेऱ्यात वरचं पाणी ओतून देतात. मला ते पटत नाही, कारण नायट्रेट आणि पोटॅश पाण्यात विरघळून त्याबरोबर निघून जातात. पहिल्यांदा कचरा काढताना जाईल ते जाऊ द्या. नंतरचं पाणी मातीतच आटवा.

शेवटी दोन-तीन मिलिमीटरच्या चाळणीतून माती काढायची, थोडी चिकणमाती मिसळायची आणि भिजवलेल्या कणकेइतकी ओली करून अडीच सेंटिमीटरचा थर द्यायचा. वर तेवढीच किंवा थोडी जास्त वाळू, दाणा एक ते तीन मिलिमीटरचा. पिठासारखी बारीक वाळू दोन्ही पद्धतींत नको. तिच्याखाली वायू कोंडतो आणि सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो. बुडबुडे मुरवलेल्या मातीतूनही येतात, पण बहुधा नुसते येतात, गाळ आणत नाहीत.

कार्बन डायऑक्साइडची ती आयती मदत मुरवलेल्या मातीत कमी मिळते, हे खरं. पहिले काही आठवडे झाडं जरा संथ वाटतील. क्रिप्टोकोरीन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड यांसारखी मुळांतून खाणारी झाडं पुढे भरून काढतात. झाडं वारंवार उपटून जागा बदलायची सवय असेल तर दोन्ही मातींत पाणी गढूळ होणारच. अशा माणसाने अ‍ॅक्वासॉइलचाच विचार करावा. आणि टँक मोठ्या पानांचा असेल, तळाशी गालिचा नसेल, तर गाळ बसायला जागाच कमी, तिथे थेट मातीही चालून जाईल. बारीक पानांचा गालिचा मनात असेल तर मात्र महिनाभर थांबायची तयारी ठेवा असंच मी म्हणेन.

माती किती घ्यायची याचा हिशेब आधी करा. ६० बाय ३० सेंटिमीटर तळाच्या टँकला अडीच सेंटिमीटर थरासाठी साडेचार लिटर माती लागते. मुरवताना आणि चाळताना बरीच कमी होते, म्हणून सुरुवात नऊ-दहा लिटरने करावी. उरलेली कोरडी करून ठेवली की पुढच्या टँकला तयारच असते.