यामाहा एफ-३१०: आधी सेटअप, मग मत

दहा हजारांच्या आसपास पहिली अकूस्टिक गिटार घ्यायची म्हटली की बहुतेक दुकानदार यामाहाची एफ-३१० पुढे करतात. शिफारस योग्य आहे. ही गिटार सुरात राहते, नेक (तारा जिथे दाबतात तो लांब दांडा) सरळ असते आणि कोकणातला पावसाळाही ती बऱ्यापैकी झेलते. पण खोक्यातून काढून तशीच वाजवली तर तिचा खरा स्वभाव कळत नाही. तारा उंच असतात, बोटं दुखतात, एफ कॉर्ड लागत नाही आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. सेटअपनंतर, म्हणजे तारांची उंची जुळवून घेतल्यावर, हीच गिटार ओळखू येत नाही, इतकी सोपी होते.

आधी मापं. स्केल (तारेचा वाजणारा भाग) ६३४ मिलिमीटर, नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ४३ मिलिमीटर रुंद, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) २०. टॉप (पुढची फळी) स्प्रूस लाकडाचा, पण लॅमिनेट, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेला. याच कंपनीच्या एफजी-८०० चा टॉप अखंड स्प्रूसचा आणि स्केल ६५० मिलिमीटरचं. सोळा मिलिमीटरचा हा फरक किरकोळ नाही. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर एफ-३१० वर ताण सुमारे पाच टक्के कमी पडतो. डाव्या हाताला तो लगेच जाणवतो, आणि लहान पंजाच्या मुलांना तर जास्तच.

आवाजाबद्दल स्पष्टच बोलायला हवं. लॅमिनेट टॉपमुळे आस (सूर टिकून राहणं) कमी मिळते आणि हलक्या बोटानं छेडलेल्या तारेचे बारकावे अखंड टॉपइतके उमटत नाहीत. फिंगरस्टाइल (बोटांनी एकेक तार छेडणं) हेच ध्येय असेल तर थोडं थांबून एफजी-८०० घ्या. पण भावगीताच्या साथीला हा आवाज चांगला बसतो. मधला भाग ठळक आहे, खर्ज पसरत नाही, त्यामुळे तबला, पेटी आणि गळा यांच्यात गर्दी होत नाही. कार्यक्रमात माइक लावताना तो साउंडहोलसमोर (टॉपवरच्या गोल भोकासमोर) धरू नका, घुमतो. बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या समोर, वीस-पंचवीस सेंटिमीटरवर ठेवा.

आता सेटअप. क्रम चुकवायचा नाही: नेक, मग नट, मग सॅडल (टॉपवर चिकटवलेल्या ब्रिजच्या खाचेतली, तारा टेकतात ती पट्टी). गिटार सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहा. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर पुरे. फट जास्त असेल तर साउंडहोलमधून ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा फिरवा, पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या, मग पुन्हा मोजा. एका दमात अर्धा-पाऊण फेरा कधीच नाही. आणि जड जायला लागलं की थांबून गिटार कारागिराकडे न्या.

नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. अगदी केसाएवढी दिसली पाहिजे. इथे फट मोठी असली की एफ कॉर्ड छळते आणि पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. नटच्या खाचांना मात्र घरी हात लावू नका. योग्य जाडीच्या कानशी लागतात आणि खाच एकदा खोल गेली की मोकळी तार करकरते.

सॅडलचं काम घरी जमतं. बाराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजा. सहाव्या तारेखाली २.२ ते २.४ आणि पहिलीखाली १.६ ते १.८ मिलिमीटर, हे आकडे साथीच्या वाजवण्याला सोयीचे आहेत. बारावा फ्रेट स्केलच्या बरोबर मध्यावर असल्यानं तिथे जेवढं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडल घासावं लागतं. ३ मिलिमीटरवरून २.३ वर यायचं तर १.४ मिलिमीटर. तारा काढा, सॅडल ओढून घ्या, बुडाशी पेन्सिलीनं रेघ मारा. कडप्प्याच्या सपाट तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून फक्त बूड घासा, शेवटी ४०० नंबरचा हात द्या. वरच्या गोलाईला धक्का नको. बूड तिरकं झालं तर ते खाचेत पूर्ण टेकत नाही आणि एखादी तार मुकी वाटते. ब्रिजच्या वर सॅडल निदान दोन-तीन मिलिमीटर उरलं पाहिजे, नाहीतर तारेला पुरेसा कोन मिळत नाही.

मूळ प्लास्टिकचं सॅडल घासू नका, जपून ठेवा. हाडाचं एक विकत घ्या (खाचेची रुंदी व्हर्नियरनं मोजून न्या) आणि त्यावर काम करा. कारण आहे हवा. मुंबई-रत्नागिरीच्या जुलैत लाकूड पाणी धरतं, ब्रिजमागचा टॉप किंचित फुगतो आणि तारा वर जातात. तेव्हा सॅडल घासलं तर डिसेंबरात टॉप खाली बसतो आणि तारा फ्रेटवर करकरायला लागतात. म्हणून सॅडलचं काम कोरड्या महिन्यांत करावं. विदर्भात अडचण उलटी: उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. त्यावर उपाय म्हणून गिटार कूलरच्या झोतात ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. दमट झोत, मग कोरडी दुपार, असे झटके सांध्यांना सोसत नाहीत. बॅगेत चेन लावून ठेवा, सोबत एक छोटा आर्द्रतामापक टाका. ४५ ते ५५ टक्के ही चांगली हवा.

तारा ११-५२ च्या (सर्वांत बारीक ०.०११ इंच, सर्वांत जाड ०.०५२ इंच) घ्या. डॅडारिओच्या ईजे-२६ या फॉस्फर ब्राँझ तारा या गिटारला शोभतात. १२-५३ च्या तारांवर आवाज थोडा भरतो, पण सुरुवातीला बोटांना ते महागात पडतं. तार चढवताना ब्रिजमधली पिन वर उसळत असेल तर तारेचा मणी पिनच्या टोकावर अडकलेला असतो. मण्याजवळ तार जरा वाकवा, पिन सैल ठेवून तार वर ओढा, मणी आतल्या फळीला टेकल्याचं जाणवलं की मगच पिन दाबा. खुंटीवर जाड तारांचे दोन आणि बारीक तारांचे तीन वेढे पुरतात.

कमी ताणाचा मोठा फायदा कॅपोला होतो. गायक पट्टी (पेटीवर ज्या स्वरावर त्याचा सा येतो ती) सांगतो आणि साथीदारानं ती क्षणात धरायची असते. काळी एक असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी पट्टीतल्या कॉर्डचे आकार. पांढरी चारला तिसऱ्यावर कॅपो आणि डी चे. काळी चारला पहिल्यावर जी चे, काळी पाचला तिसऱ्यावर जी चेच. कॅपोची स्प्रिंग फार कडक असली तर तारा चढतात, म्हणून स्क्रूनं दाब कमी-जास्त करता येणारा कॅपो घ्या. तो फ्रेटला अगदी खेटून लावा आणि लावल्यावर पुन्हा एकदा ट्यूनर बघा.

विकत घेताना एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी काढायला सांगा. धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या मोठ्या दुकानात त्या शेजारी-शेजारी वाजवून पाहता येतात. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, एखादा सूर मेला किंवा करकरला तर ती बाजूला. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून आलेला सूर) आणि तिथेच दाबून आलेला सूर यांत ट्यूनरवर पाच सेंटपेक्षा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) जास्त फरक नको. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा, आत शिरला तर गोंद सुटतो आहे. खुंट्या उलट-सुलट फिरवा, मध्ये पोकळ फिरत नाहीत ना ते पाहा. पट्टा लावायचा असेल तर नेकच्या बुडाशी बटण आहे का ते विचारा. नसेल तर कारागीर थोड्या पैशांत लावून देतो. बिलासोबत सेटअप करून देणार का, हे पैसे देण्याआधीच ठरवा, आणि ठरलं तर वरचे आकडे कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.