अली की टायसन? बाजू घेण्याआधी साल ठरवा

मुहम्मद अली आणि माइक टायसन समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? बॉक्सिंग पाहणारी दोन माणसं भेटली की हा वाद पेटतो, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने भरकटतो. अलीचा चाहता १९६६ चा अली घेतो आणि त्याच्यापुढे तुरुंगातून सुटून आलेला टायसन उभा करतो. टायसनचा चाहता १९८८ चा टायसन घेतो आणि समोर १९८० मध्ये लॅरी होम्सचा मार खाणारा, अडतीस वर्षांचा अली. अशा लढतीचा निकाल घंटा वाजायच्या आधीच लागलेला असतो.

संगणकाला विचारूनही हा प्रश्न सुटत नाही. १९६९ मध्ये अली आणि निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो यांना कॅमेऱ्यासमोर खेळवलं, निकाल संगणकाचा आहे असं सांगितलं आणि जानेवारी १९७० मध्ये ती लढत चित्रपटगृहांत दाखवली. अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला, युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली. ज्याला खरंच बाजू ठरवायची आहे त्याने जुन्या लढतीच बघाव्यात, आणि पहिलं काम म्हणून दोघांचं साल पक्कं करावं.

माझ्या मते अली २२ मार्च १९६७ चा घ्यावा. त्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने झोरा फॉलीला सातव्या फेरीत झोपवलं. पुढच्याच महिन्यात त्याने सैन्यभरतीला नकार दिला, परवाने गेले, आणि साडेतीन वर्षांनी तो परतला तेव्हा हात तेच असले तरी पाय ते नव्हते. टायसन २७ जून १९८८ चा घ्यावा. अटलांटिक सिटीत त्याने मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं, आणि त्याच्या कोपऱ्यात अजून त्याचा प्रशिक्षक केव्हिन रूनी होता. वर्ष संपायच्या आत रूनीला काढून टाकलं, आणि ठोसे चुकवण्यासाठी टायसनचं डोकं हलवणं हळूहळू कमी होत गेलं. म्हणजे एक पंचवीस वर्षांचा, दुसरा बाविशीला टेकलेला.

शरीरयष्टीत अलीचं पारडं जड वाटतं. तो १९१ सेंटीमीटर, टायसन १७८. हातांचा पल्ला अलीचा १९८, टायसनचा १८०. पण वजन पाहा. त्या काळातला अली ९६-९७ किलोंचा, आणि स्पिंक्सविरुद्धचा टायसन ९९ किलोंचा. उंचीने कमी असलेला माणूस वजनाने जास्त आहे, आणि ते सगळं वजन मांड्यांतून वर येणाऱ्या ठोशामागे उभं आहे. टायसनला ‘लहानखुरा’ म्हणून मोडीत काढणारे हे विसरतात.

दोघांच्या गाजलेल्या रात्रींवर मात्र फार विसंबू नये. अलीची सर्वांत देखणी लढत म्हणून नोव्हेंबर १९६६ मधली ह्यूस्टनची लढत दाखवतात, पण समोरच्या क्लीव्हलंड विल्यम्सला १९६४ मध्ये पोलिसाची गोळी लागली होती आणि त्याचं एक मूत्रपिंड गेलं होतं. स्पिंक्स हा मुळात लाइट हेवीवेटचा राजा, वजन वाढवून वर आलेला. अमुकने तमुकला हरवलं ही साखळी तर अजिबात धरू नये. ट्रेव्हर बर्बिकने १९८१ मध्ये अलीला हरवलं आणि १९८६ मध्ये टायसनने त्याच बर्बिकला दुसऱ्या फेरीत आडवं केलं. त्यातून बर्बिकच्या नशिबापलीकडे काही कळत नाही.

उपयोगी साक्षीदार वेगळे आहेत. अलीला टायसनसारखं कोण भेटलं होतं, आणि टायसनला अलीसारखं कोण?

अलीच्या बाजूने सगळे जो फ्रेझरचं नाव घेतात. बुटका, वाकून आत घुसणारा, डाव्या हुकचा, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशाचा, बादशहा. १९७१ मध्ये पंधराव्या फेरीत त्याच्या हुकने अली पाठीवर पडला होता. तरी फ्रेझर म्हणजे टायसन नव्हे. फ्रेझर फेऱ्यांगणिक तापत जायचा, टायसन पहिल्या सेकंदापासून पेटलेला असायचा. फ्रेझरचा धोका मुख्यतः डाव्या हाताचा. टायसन उजव्या हाताने बरगडीत हुक घालून तोच हात हनुवटीखाली अपरकट म्हणून आणायचा, आणि डावा तेवढाच घातक. उलट हेही खरं की फ्रेझरला भेटलेला अली साडेतीन वर्षं गमावून आलेला होता. १९६७ च्या अलीला हुकच्या टप्प्यात पकडायला फ्रेझरला जास्त कष्ट पडले असते.

मला त्याहून मोलाचा साक्षीदार वाटतो फ्लॉइड पॅटरसन. टायसनला घडवणाऱ्या कस डमाटोनेच पॅटरसनला घडवलं होतं. गालाशी चिकटलेले ग्लोव्ह, सतत डोलणारं डोकं, उडी मारून आत येणं, सगळं तेच घराणं. २२ नोव्हेंबर १९६५ ला लास वेगासमध्ये अलीने त्याला लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे, मारून मारून बाराव्या फेरीत थांबवलं. बरोबर एकवीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच शहरात टायसन जगज्जेता झाला. अर्थात पॅटरसन कितीतरी हलका होता आणि त्या दिवशी पाठीच्या दुखण्याने हैराण होता. या शैलीविरुद्ध काय करायचं हे अलीला ठाऊक होतं, एवढंच यातून घ्यावं.

टायसनच्या बाजूने १९८८ मध्ये त्याने हरवलेला होम्स मोजू नये. तो अडतीस वर्षांचा आणि जवळपास दोन वर्षं रिंगबाहेर होता. टोनी टकर पाहा. ऑगस्ट १९८७ मध्ये त्या उंच माणसाने पहिल्याच फेरीत डाव्या अपरकटने टायसनला मागे ढकललं आणि पुढे पूर्ण बारा फेऱ्या काढल्या. आणि १९९० चं टोकियो. बस्टर डग्लस उंचीला अलीएवढाच, पल्ला त्याहून मोठा. त्याने जॅबच्या जोरावर टायसनला दहाव्या फेरीत नॉकआउट केलं. तो टायसन रूनीविना होता, ढिला होता, हे मान्य. तरीही उंच, न घाबरणारा आणि सतत जॅब टाकणारा माणूस टायसनला सर्वांत अवघड जायचा, हे चांगल्या दिवसांतही दिसलं होतं.

आता खरा धोका. अली हात कमरेशी ठेवून फिरायचा आणि ठोसा आला की डोकं सरळ मागे न्यायचा. सरळ ठोशासाठी ते पुरतं, कारण समोरचा हात तिथवर पोचतच नाही. पण दोर पाठीला लागले की मागे जायला जागा उरत नाही आणि हुक वळसा घेऊन येतो. १८ जून १९६३ ला वेम्बलीत हेन्री कूपरने चौथ्या फेरीच्या अगदी शेवटी हेच केलं. डावा हुक जबड्यावर बसला, तेव्हा कॅसियस क्ले नावाने खेळणारा अली दोरांवर घसरत खाली बसला, उठला तेव्हा डोळे हरवलेले होते. घंटा वाजली म्हणून निभावलं. कूपरच्या जागी टायसन आणि फेरीत अजून एक मिनिट शिल्लक, असा विचार केला की माझ्यासारख्या अलीच्या चाहत्याच्याही पोटात गोळा येतो. शिवाय अली पोटावर जवळजवळ मारायचाच नाही, त्यामुळे खाली वाकून येणाऱ्याला रोखायला त्याच्याकडे जॅब, पाय आणि मिठी एवढंच होतं.

ही मिठी लोक हिशेबात धरत नाहीत. जवळ आलेल्याची मान खाली दाबून धरण्यात अली पटाईत होता. १९७४ मध्ये फ्रेझरविरुद्ध त्याने ते भरपूर केलं. १९७५ मध्ये मनिलात त्याच फ्रेझरविरुद्ध रेफरी कार्लोस पाडिया त्याचा हात झटकून काढत राहिला, आणि ती लढत किती जीवघेणी झाली ते सर्वांना माहीत आहे. टायसनला मिठीतून सुटता येत नसे. मार्च १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथने नुसतं धरून धरून बारा फेऱ्या काढल्या. म्हणून रेफरी ढिला असेल तर अलीला पहिल्या चार फेऱ्या तरून नेता येतात, कडक असेल तर टायसनची संधी जवळपास दुप्पट होते असं मी धरेन.

फेऱ्यांची संख्याही तशीच. अलीच्या काळात जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे, आणि तो तिथवर अनेकदा गेला. टायसन बारापलीकडे कधी गेला नाही. अली पडून उठायचा: सॉनी बँक्सने पाडलं, कूपरने पाडलं, फ्रेझरने पाडलं, दर वेळी उठला. टायसन एकदा पडल्यावर ती लढत कधीच जिंकला नाही.

तेव्हा १९६७ चा अली, मोठी रिंग, पंधरा फेऱ्या: मी अली म्हणेन, बहुधा अकराव्या ते तेराव्या फेरीच्या दरम्यान, एखादा नॉकडाउन सोसून. बारा फेऱ्या असतील तर अली गुणांवर. रिंग लहान आणि रेफरी पाडियासारखा असेल, तर टायसनवर पैज लावणाऱ्याला मी अडवणार नाही. त्याने निकाल पाचव्या फेरीच्या आतच मागावा. आणि कोणी १९७४ चा, दोरांवर रेलून मार झेलणारा अली पुढे केला, तर मी बाजू बदलतो. जॉर्ज फोरमन किन्शासात रुंद, संथ ठोसे मारत दमला. टायसनचे ठोसे आखूड होते आणि एकामागून एक पाच-सहा यायचे. त्याच्यासमोर दोरांवर उभं राहणं अलीला झेपलं नसतं.