लेसरनंतरचं स्टॉकिंग: उन्हाळाभर वापरून काय वाटलं

काल नागपुरात धंतोलीत नवीन स्टॉकिंग, म्हणजे पाय दाबून धरणारा घट्ट मोजा, घ्यायला गेली तर दुकानात पुन्हा तेच, "काकू, सिंगल नाही येत, जोडीच घ्यावी लागते." माझं व्हेरिकोजचं, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांचं, लेसर एकाच पायाचं, डाव्या. मग उजव्या पायाचे पैसे काहून द्यायचे? साडेतीन हजाराची जोडी, मेडिक्लेमवाल्यांनी तर ते बिल सरळ बाजूलाच काढून ठेवलं होतं. म्हटलं आता सगळं लिहूनच टाकते, कारण व्हेरिकोज म्हटलं की सगळे लेसर करू का ग्लू (शीर चिकटवून बंद करायची) करू एवढंच विचारतात, नंतर महिनोन्‌महिने जे पायात घालून राहायचं त्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझी मेस आहे, पहाटेपासून ओट्यापाशी उभी. घोट्याच्या आतल्या बाजूला काळा डाग, सारखी खाज, त्यावर मलमं लिहून मिळत राहिली. मग एका डॉक्टरांनी उभं करून डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठं वाहते ते दाखवणारी सोनोग्राफी, काढायला लावला तेव्हा कळलं की खाजेचं मूळ शिरेत आहे. पायाच्या शिरांत झडपा असतात, वर चढलेलं रक्त त्या खाली येऊ देत नाहीत. मोटरीचा फुटव्हॉल्व्ह गेला की पाईपातलं पाणी उतरते ना, तसं माझं रक्त उलटं येऊन घोट्याशी साचत होतं. लेसरनं ती शीर आतून बंद केली, त्याच दिवशी चालत घरी आली. रक्त आतल्या खोल शिरांतून वर जाते, त्यामुळं ती एक शीर नसल्यानं काही अडत नाही. ऑपरेशनबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार स्टॉकिंगची. क्लास टू लिहून दिलं होतं, म्हणजे घोट्याशी साधारण २३ ते ३२ मिलिमीटर (बीपी मोजतात तेच पाऱ्याचं माप) दाब आणि वर जाता जाता कमी कमी. दुकानातल्या पोरानं संध्याकाळी, पाय सुजलेला असताना माप घेतलं आणि मांडीपर्यंतचं एक्सएल काढून दिलं. सकाळी सूज उतरल्यावर ते गुडघ्याशी गोळा व्हायचं, आणि तिथं वळी पडली की दोरी बांधल्यासारखं काचते, हे धोक्याचं आहे. डब्यातल्या कागदावरच छापलंय की माप सकाळी घ्या. तो कागद काउंटरवर ठेवला तर म्हणे, "वापरलेला माल परत होत नाही काकू." माप तुम्ही चुकीच्या वेळी घेतलं, मग भुर्दंड मी काहून भरू? मालक आले तेव्हा कुठं बदलून मिळालं, तोवर मेसचा सगळा स्वयंपाक सुनेवर पडला होता.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि मांडीवरच्या सिलिकॉनच्या पट्टीखाली घामानं लालभडक पुरळ. तेव्हा तर मी म्हणत होती की हे नागपूरच्या माणसासाठी नाहीच. पण डॉक्टरांनी गुडघ्याखालचं लिहून दिलं आणि माझं मत पार बदललं. सकाळी पाय पलंगावरून खाली टाकायच्या आधी घालायचं, टाचेपर्यंत उलटं करून पाऊल आत सारायचं, टाच टाचेवर बसवायची, मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळव्यानं थोडं थोडं वर सरकवत न्यायचं. वरून धरून ओढलं की संपलं, कापड ताणते आणि नख लागून छिद्र पडते. रात्री काढलं की मगच पायाला तेल किंवा क्रीम. संध्याकाळचा जडपणा गेला माझा, खाज गेली, डाग मात्र अजून आहे, थोडा फिका झाला.

जोडीबद्दलही अर्धं मत बदललं, सांगते. माझ्या मोज्यात डावा-उजवा नाही. घामामुळं रोज धुवावं लागते, पिळायचं नाही, उन्हात टाकायचं नाही, मग जुलैत ते रात्रभरात वाळतच नाही. तेव्हा दुसरा नग कामी आला.

पण त्या दुसऱ्या नगानं एक घोळ होता होता राहिला. आमच्या भासऱ्यांना शुगर आहे, चौकापर्यंत चाललं की पोटरी धरते, थांबलं की सुटते. घरात सगळे म्हणाले पडून आहे तर त्यांना द्या. मी नाही दिला. माझ्या लेसरआधी डॉक्टरांनी घोट्यालाही बीपीचा पट्टा बांधला होता आणि सांगितलं होतं की पायाचं प्रेशर भागिले हाताचं प्रेशर ०.९ च्या खाली आलं तर धमनीत अडथळा समजतात, तिथं रक्त पायात पोचतच कमी, वरून घट्ट मोजा घातला तर पाय धोक्यात येऊ शकते. भासऱ्यांना घेऊन गेलो, त्यांचं ०.६ निघालं. माझा आजार शिरेचा, त्यांचा धमनीचा, दोन्हीत पोटरी दुखते म्हणून मोजा एक होत नाही. कृपा करून कोणी कोणाचं स्टॉकिंग मागून घालू नका, आधी तो पट्टा बांधून घ्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

माझं जुनं आता घोट्याशी चिमटीत सहज येते, म्हणजे ताण गेला, साधारण सहा महिन्यांनी बदलावंच लागते म्हणतात. कंपन्यांनी एकेक नग विकावा हे माझं म्हणणं कायम आहे आणि दुकानात तसं सांगूनही आली. काल शेवटी जोडीच घेतली, गुडघ्याखालची, क्लास टू, पुढून बोटं उघडी. माप मात्र घरूनच सकाळी उठल्या उठल्या टेपनं घेऊन कागदावर लिहून नेलं होतं, घोटा २२, पोटरी ३६, आणि डब्यावरच्या तक्त्याशी ताडून पाहिल्यावरच पैसे दिले.