मैवंदच्या नावाने खपवलेली मार्टिनी-हेन्री: २,३१७ पौंडांचा चुना

इंग्लंडमधल्या लिलावात एका जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीसाठी माझ्या बोलीवर हातोडा पडला, १,४५० पौंडांवर. त्यावर २५ टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावघर खरेदीदाराकडून घेतं ते कमिशन, ३६२.५०, प्रीमियमवर २० टक्के व्हॅट ७२.५०, ऑनलाइन बोली लावल्याबद्दल वेबसाइटचे ५ टक्के आणि त्यावर पुन्हा व्हॅट मिळून ८७. झाले १,९७२. पॅकिंग, विमा, निर्यातीचे कागद आणि इंग्लंडहून अमेरिकेपर्यंतचं भाडं ३४५. एकूण २,३१७ पौंड. शिवाय इकडे कस्टम्स ब्रोकरचे १८५ डॉलर, बँकेच्या वायरचे ४५ आणि शेवटी जाणकाराकडून तपासून घेतली त्याचे १२०. एवढं मोजून घरी काय आलं, तर खैबर खिंडीच्या आसपास कुठेतरी कानशीने घासून केलेली नक्कल. भिंतीवर टांगायची वस्तू म्हणून एका दुकानदाराने २५० डॉलर देऊ केले, तेही उपकार केल्यासारखे.

आधीच सांगतो, स्वस्तात घबाड मिळतंय म्हणून उडी मारली नव्हती. स्वस्त असती तर संशय आला असता. किंमत बाजाराला धरून होती आणि लिलावघर खरं होतं, पत्ता खरा, हॉल खरा, कॅटलॉग छापील. खोट्या वेबसाइटच्या, ॲडव्हान्स घेऊन गायब होणाऱ्यांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. इथे सगळं कायदेशीर, म्हणूनच जास्त जळफळाट होतो.

लॉटचं, म्हणजे लिलावातल्या या वस्तूचं, वर्णन असं होतं: मार्टिनी-हेन्री मार्क २, एनफिल्ड (इंग्रजांचा सरकारी बंदूक कारखाना) १८७८ असे शिक्के असलेली, कुंद्याच्या पट्टीवर 'वन बी. जी.' (पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स), मैवंदच्या लढाईत बॉम्बे ग्रेनेडियर्सकडे असल्याचं सांगितलं जातं. बॉम्बे हा शब्द दिसला आणि मराठी माणसाचं डोकं बंद पडलं. मैवंद, २७ जुलै १८८०, अफगाणिस्तानात कंदाहारच्या पश्चिमेला अफगाण सेनानी आयुबखानाने इंग्रजांच्या ब्रिगेडची धूळधाण केली, त्यात पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि तिसावी बॉम्बे इन्फंट्री म्हणजे जेकब्ज रायफल्स होत्या. हे सगळं पाठ. आणि नेमकं जे आठवायला हवं होतं तेच आठवलं नाही: त्या दिवशी मार्टिनी-हेन्री होत्या त्या ६६ व्या गोऱ्या रेजिमेंटकडे. हिंदी पलटणींकडे स्नायडर होत्या. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्या सोजिरापेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायची हे इंग्रजांचं धोरणच होतं. हे मी दहा जणांना दहा वेळा सांगितलेलं आहे! म्हणजे बंदूक खरी असती तरी गोष्ट खोटी होती, आणि गोष्टीसाठीच मी शेवटच्या तीन बोल्या चढवल्या. एवढं एक वाक्य आठवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुसरी खूण वर्णनातच होती. 'एनफिल्ड १८७८ असे शिक्के असलेली' म्हणजे 'एनफिल्डला १८७८ साली बनलेली' नव्हे. लिलावघरांच्या कॅटलॉगात हा फरक मुद्दाम केलेला असतो. पहिल्या वाक्याची जबाबदारी कुणावर नसते, दुसऱ्याची असते. 'सांगितलं जातं', 'मानलं जातं' हे शब्द दिसले की त्या माहितीची किंमत शून्य धरा.

आता बंदूक. उजव्या बाजूचा मोठा शिक्का लांबून ठीक दिसतो: मुकुट, व्ही. आर. (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं), एनफिल्ड, साल. भिंगाखाली मुकुट फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, अक्षरांची ओळ डगमगती, आणि एनफिल्डमधला एन उलटा. आरशात पाहिल्यासारखा. इंग्रजी न येणाऱ्या कारागिराने चित्र म्हणून कोरलेली अक्षरं. १८७८ मधले दोन्ही आठ म्हणजे एकावर एक ठोकलेली दोन शून्यं. लिलावघराच्या फोटोत नेमकं तिथे दिव्याची तिरीप पडलेली होती. जास्त फोटो मागितले तर सहा आले, त्यातले चार लाकडाचे. त्याच वेळी हात आखडायला हवा होता.

पण शिक्क्यापेक्षा मोठा पुरावा म्हणजे शिक्क्यांचा अभाव. खऱ्या सरकारी मार्टिनीवर तपासनिसाच्या बारीक खुणा, मुकुट आणि खाली आकडा, लहानसहान भागांवरही सापडतात. नक्कल करणारा फक्त दर्शनी शिक्का उतरवतो, आतले भाग कोरे राहतात. नळीत हेन्री पद्धतीच्या सात उथळ खाचा हव्यात, पीळ २२ इंचांत एक फेरा. हिच्यात चार आहेत, खोल आणि ओबडधोबड. नळी ३३.२ इंच हवी, ही पाऊण इंचाने आखूड. बाजूचा थेंबाच्या आकाराचा दर्शक खटका चढला की हलायला हवा, हा जागच्या जागी बसून आहे. आणि 'वन बी. जी.'च्या खाचांमधलं लोखंड बाहेरच्यापेक्षा उजळ, म्हणजे तो मजकूर अलीकडचा. म्हणून पैसे भरायच्या आधी चार फोटो मागा: शिक्का पूर्ण चौकटीत, उघडी तरफ, मागून टॉर्च धरून तोंडाकडून नळीच्या आतला, आणि टेप लावलेली नळी. देत नसतील तर सोडून द्या. अशा बंदुकीत काडतूस तर चुकूनही घालू नका, ते लोखंड कसलं आहे कुणालाच माहीत नसतं.

(खैबरची नक्कल म्हणून घेतलेली नक्कल हा छान संग्रह होतो, तिची कारागिरी वेगळीच असते. राग नकलेचा नाही.)

परत करायला गेलो तर नियम असा: बनावट असल्याची लेखी तक्रार विक्रीपासून २१ दिवसांत. वस्तू पोहोचली ४७ व्या दिवशी. इंग्लंडमधला ऑनलाइन खरेदीचा १४ दिवसांचा परतीचा हक्क, प्रत्यक्ष हजर राहता येतं अशा जाहीर लिलावाला लागू नाही. पैसे कार्डाने भरले असते तर कार्ड कंपनीकडे भांडता आलं असतं, पण कार्डावर ३ टक्के जादा होते. ते ५९.१६ पौंड वाचवायला वायर केली. प्रीमियमवरचे ७२.५० निर्यातीचा पुरावा दिल्यावर परत मिळणार होते, शिपरने तो कागदच वेळेत पाठवला नाही.

मग सरकारी दारं. तिकडच्या तक्रारखिडकीने नंबर दिला आणि पाच आठवड्यांनी पत्र: तपासासाठी पुरेसा धागा नाही. धागा? विक्रेत्याचं नाव लिलावघराकडे आहे, विचारा ना! तिथल्या पोलिसांच्या मते हा दिवाणी वाद. ग्राहकांच्या कार्यालयात सांगितलं की तुम्ही या देशात राहत नाही. छोट्या दाव्यांच्या कोर्टात १०,००० पौंडांपर्यंत जाता येतं, पण लिलावघर म्हणतं की विकणारा दुसराच, आम्ही मध्यस्थ, आणि त्याचं नाव गोपनीय. इकडचे पोलिस त्याहून भारी. पहिला प्रश्न: बंदूक १८९८ किंवा त्याआधीची आहे ना? अमेरिकेच्या कायद्यात ॲंटिकची रेषा तीच. ॲंटिक म्हणून जाहीर करून, कस्टम्सच्या ९७०६ या सदराखाली बिनशुल्क आणलेली वस्तू बनावट आहे असं मीच लिहून दिलं, की पुढचा प्रश्न माझ्याकडे वळतो: मग बनली कधी, आणि आणली कोणत्या परवान्यावर? म्हणजे फसवणुकीचा पुरावा जितका पक्का, तितका मीच अडचणीत. खिडकीपलीकडचा माणूस हे ऐकून हसला. तक्रार करण्याआधी कस्टम्सच्या वकिलाशी बोला, मी नंतर बोललो.

पुण्या-मुंबईला अशी वस्तू नेण्याचा विचार करत असाल तर तो इथेच सोडा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १० प्रमाणे आयातीला परवाना लागतो आणि कॅटलॉगमधला 'ॲंटिक' शब्द विमानतळावर चालत नाही.

लिलावघराला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात मी चिडून सगळं समजावलं होतं: मैवंदला बॉम्बेच्या पलटणींकडे मार्टिनी नव्हत्याच, स्नायडर होत्या. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्याचा कॅटलॉग आला. त्याच हिरव्या बनातीवर, त्याच तिरक्या प्रकाशात ठेवलेली नवी बंदूक: 'जेकब्ज रायफल्सकडे मैवंदला असल्याचं सांगितलं जातं.' या वेळी स्नायडर.