जाम ब्रेकचं काय करावं: साफसफाई, किट की नवा कॅलिपर?

पावसाळा सरला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या जुन्या गाड्यांची एकच तक्रार सुरू होते: ॲव्हरेज पडलं. मग कुणी प्लग बदलतं, कुणी पंपवाल्याच्या नावाने बोटं मोडतं. निपाणीकडच्या मंडळींना तर सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या कागलात पेट्रोल किती आणि आपल्याकडे किती, हे तोंडपाठ. चाक हाताने फिरवून बघायचं मात्र कुणाला सुचत नाही.

ब्रेक दाबला की कॅलिपरमधला पिस्टन पॅडला चाकाच्या डिस्कवर, म्हणजे तबकडीवर, दाबतो. पाय उचलल्यावरही पॅड डिस्कला धरून राहिला, तर इंजिनाला तो भार सतत ओढावा लागतो. आठशे किलोची गाडी सपाट डांबरीवर सावकाश चालती ठेवायला साधारण आठ-दहा किलोचा जोर पुरतो. एकच चाक त्यात दोन किलो जादा मागू लागलं, तर पाचव्या हिश्शाची भर पडली. हायवेला वेगात वाऱ्याचाच अडथळा मोठा, तिथे हा फटका टक्क्यांत कमी दिसतो. ४०-५० च्या वेगाने चालणाऱ्या गावरस्त्यांवर तो जाणवतो. १८ देणारी गाडी १६ वर आली, की हजार किलोमीटरमागे जवळपास सात लिटर जादा जातात.

खर्चाआधी तपासणी. गाडी जॅकवर घ्या, खाली भक्कम स्टँड लावा, गिअर न्यूट्रल करा आणि चाक फिरवा. डिस्कला हलकी खसखस असतेच, तिची काळजी नको. डावं आणि उजवं चाक सारखंच हलकं फिरतं का, ते बघा. टायरभोवती दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढलं तर फरक आकड्यातच कळतो. चाक जड लागलं तर मेस्त्रीला कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, क्षणभर सैल करायला सांगा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर अडकलेला दाब कारणीभूत: रबरी होजपाइप आतून फुगलाय, नाहीतर मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही. अशा वेळी कॅलिपरवर केलेला खर्च पाण्यात. निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना अडकल्यात. एवढं न करता ‘कॅलिपर गेला’ म्हणणाऱ्याकडे मी गाडी सोडत नाही.

साफसफाई सगळ्यात स्वस्त, कामही झटपट. पिना काढायच्या, गंज घासायचा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावून परत बसवायच्या. पिस्टन सहज मागे सरकतोय आणि आतला-बाहेरचा पॅड कमी-जास्त झिजलाय, तर बहुधा एवढ्यानेच भागतं. पिनेचं फाटलेलं बूट, म्हणजे रबरी टोपण, मात्र तसंच ठेवू नका. पुढच्या पावसात तांबडा चिखल तिथूनच आत शिरतो.

दहा-पंधरा वर्षांच्या गाडीला माझं मत किटच्या, म्हणजे कॅलिपरची रबरं नवी घालण्याच्या, बाजूने. डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे खेचायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची रबरी रिंग ब्रेक दाबल्यावर किंचित पिळते, आणि पाय उचलला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते. रिंग कडक झाली किंवा तिच्या खाचेत गंज साचला, की पिस्टन आहे तिथेच बसतो. पिना कितीही चकचकीत केल्या तरी हे सुधारत नाही. किटमध्ये रिंग आणि बूट नवे येतात, ब्रेक ऑइलही त्याच वेळी बदलून होतं. उघडलेला कॅलिपर पेट्रोल-डिझेलने धुऊ देऊ नका, साधं ग्रीसही नको. दोन्हींनी ब्रेकचं रबर फुगतं आणि नवं किट थोड्याच दिवसांत जाम होतं. कामाला कुणाचा हात लागतोय, हे म्हणूनच किटच्या कंपनीइतकंच महत्त्वाचं.

नवा कॅलिपर सगळ्यात महाग. पिस्टनवर किंवा आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडलेत, नखाला लागतायत, तरच तो घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर पिस्टन घासून मिळेल, पण वरचा क्रोमचा थर निघाला की तो पुन्हा गंजणार. भंगारातला कॅलिपर आणून पैसे वाचवण्यात अर्थ नाही. त्यातलं रबर तुमच्याच गाडीच्या वयाचं.

अल्टो, वॅगनआर, सँट्रोसारख्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक. तिथे बहुतेकदा हँडब्रेकची केबल गंजलेली असते, केबल बदलली की काम झालं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. ॲव्हरेजसाठी ड्रममधले लायनर (घासणारे पट्टे) मुद्दाम ढिले करून घेणारेही आहेत. तो उद्योग नको. पेडल खोल जातं आणि पेट्रोलचे चार पैसे वाचवताना थांबायचं अंतर वाढतं.

चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्यांनी तर निर्णय लांबवूच नये. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलं की हाच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. आधीच घासत तापलेलं चाक आणि त्यात उतार, अशा वेळी ऑइल उकळून पेडल पोकळ होतं. एरवीही दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं.

कामानंतर ब्रेक शक्य तितका कमी वापरत थोडी चक्कर मारा आणि रिमजवळ हात न्या. चारांपैकी एकच चाक जास्त गरम लागलं तर गाडी परत मेस्त्रीकडे. ॲव्हरेज मोजणार असाल तर टायरची हवा आणि अलाइनमेंट आधीच नीट करून घ्या, नाहीतर फरक ब्रेकने पडला की हवेने, हे कळायचं नाही.