दचकवावं की पाणी पिऊ द्यावं? उंदरांमधला कर्णनाद ओळखण्याच्या दोन पद्धती

कर्णनाद म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात काहीतरी वाजत राहणं, आणि ते जनावराला होतंय का हे ओळखायचं आहे. एबीआर (आवाज ऐकवल्यावर श्रवणतंतू आणि मेंदूच्या खोडात उठणाऱ्या विद्युत लहरींची नोंद) तर दोन्हीकडे लागणारच, म्हणून त्याचं आधी उरकतो. त्यातून ऐकण्याचा उंबरठा, म्हणजे ऐकू येणारा सर्वात मंद आवाज, कळतो, कर्णनाद नाही. तरी उंबरठ्यावर थांबू नका, पहिल्या लहरीची उंचीही नोंदवून ठेवा. आवाजाच्या माऱ्यानंतर उंबरठा पूर्ववत झाला तरी आतल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) आणि श्रवणतंतू यांच्यामधले सिनॅप्स, म्हणजे जोड, गेलेलेच राहू शकतात, हे कुजावा आणि लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांत दाखवलं. आणि भूल दिल्यावर जनावराला ऊब द्या. अंग गार पडलं की लहरी उशिरा येतात आणि आपण दोष कानाला देतो.

खरी निवड वर्तनाच्या चाचणीची आहे. टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली गॅप-स्टार्टल पद्धत आज बहुतेक जण आधी उचलतात, आणि का ते समजण्यासारखं आहे. शिकवणं नाही, तहानलेलं ठेवणं नाही. मागे मंद आवाज, त्यात साधारण ५० मिलिसेकंदांची शांतता, पाठोपाठ धमाका. शांतता जाणवली तर जनावर कमी दचकतं. कर्णनादाने ती भरून टाकली तर दचकणं तेवढंच राहतं, असा तर्क. तासाभरात एक जनावर मोकळं होतं, आणि तेच जनावर कर्णनाद आणण्यासाठीच्या आवाजाच्या माऱ्याआधी आणि नंतर तपासता येतं.

दुसरी पद्धत जुनी आणि चिकाटी मागणारी. जॅस्ट्रेबॉफ आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये रॅटना (मोठ्या जातीच्या उंदरांना) शिकवलं की मागचा आवाज बंद झाला की पायाला शॉक बसतो. मग शांतता झाली की तहानलेला रॅट पाणी चाटणं थांबवतो. कानात सतत काही वाजत असेल तर त्याच्यासाठी शांतता होतच नाही, आणि तो पीत राहतो. यात शिकवण्यात वेळ जातो, पाणी मोजून द्यावं लागतं आणि नैतिक समितीपुढे शॉकचं समर्थन नीट लिहावं लागतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे सगळं नकोसं वाटेल, आणि ते चूक नाही.

तरीही मी याच बाजूला झुकलो, ते एका कटकटीमुळे. गॅप पद्धतीत मोजायचं असतं दचकणं, आणि माऱ्यानंतर नेमकं तेच आटतं. एक कान अधू झाला की धमाकाच कमी ऐकू येतो. मुळातलं दचकणं लहान झालं की शांततेमुळे ते आणखी किती घटलं, हे गुणोत्तर डळमळतं. माझ्याकडे तेच जनावर एका दिवशी 'कर्णनाद आहे' म्हणायचं आणि पुढच्या खेपेला 'नाही'. आकडेवारीने हे सिद्ध करायला मी बसलो नाही, पण अशा जनावरांवर औषध तपासायची हिंमत होईना. सॅलिसिलेट (अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं, मोठ्या मात्रेत तात्पुरता कर्णनाद आणणारं औषध) दिलं तर रॅटचं दचकणं उलट वाढलेलंही दिसतं, मग गुणोत्तराचा अर्थ दुसऱ्याच अंगाने बिघडतो. शिवाय शांतता 'भरली जाते' या गृहीतकावरच माणसांतल्या अभ्यासांनी शंका घेतली आहे: कर्णनाद असलेल्यांत गॅपचा परिणाम कमी दिसला, पण तो त्यांच्या नादाच्या पट्टीशी जुळणारा नव्हता.

चाटण्याच्या पद्धतीत बहिरेपण अडचण करत नाही असं नाही. पण जॅस्ट्रेबॉफच्या रचनेत त्यावर एक देखणा उतारा आहे. शिकवून झाल्यावर सॅलिसिलेट दिलं तर, शॉक थांबवल्यावर, शांततेची भीती लवकर विरते. शिकवण्याआधीपासून दिलं तर खुद्द नादच धोक्याची खूण बनतो आणि भीती रेंगाळते. औषध तेच, मात्रा तीच, परिणाम उलटा. नुसतं कमी ऐकू येणं किंवा मळमळ असती तर दोन्ही गट एकाच दिशेला गेले असते. गॅप पद्धतीत इतकी स्वच्छ उलटतपासणी मला तरी सापडली नाही.

जनावरं खूप आणि मुदत थोडी असेल तर गॅपच घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त शांततेऐवजी छोटा आवाज ठेवून तीच चाचणी जोडीला घ्या, नुसत्या धमाक्याची दचक प्रत्येक सत्रात वेगळी नोंदवा, आणि जमल्यास धमाक्याऐवजी हवेचा झोत वापरून बघा. त्वचेवरचा झोत जाणवायला कान शाबूत लागत नाही. मुळातच ज्यांची दचक शांततेने कमी होत नाही अशी जनावरं माऱ्याआधीच बाजूला काढावी लागतील, तेव्हा अर्जात संख्या लिहिताना त्यांचीही सोय ठेवा.